घडीचे छप्पर अर्ध्यावर अडले तर: कन्व्हर्टिबलच्या नव्या मालकांसाठी मार्गदर्शक

रिट्रॅक्टेबल हार्डटॉप म्हणजे बटण दाबताच दुमडून डिकीत जाऊन बसणारे टणक छप्पर. आपल्याकडे मर्सिडीजची एसएलके आणि २००९ नंतरची बीएमडब्ल्यू झेड-४ या गाड्या रीतसर विकल्या गेल्या. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात आज जी घडीच्या छपराची कन्व्हर्टिबल दिसते, ती बहुधा या दोहोंपैकी एक असते. परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांना यांच्या जोडीला फोक्सवॅगन इऑस, व्होल्वो सी-७०, प्यूजो २०६ सीसी, माझदा एमएक्स-५ आणि बीएमडब्ल्यूची ई-९३ या अंतर्गत नावाची ३-सिरीज कन्व्हर्टिबल अशा अनेक गाड्या तुलनेने स्वस्तात मिळतात. गाडी जुनी होत जाते तसतशी तिची किंमत उतरते, पण छपराची यंत्रणा मात्र नव्या गाडीइतकीच महाग राहते. पंप किंवा सिलिंडरचा संच (तेलाच्या दाबाने छप्पर हलवणारे भाग) बदलण्याच्या खर्चाचा अंदाज ऐकून गाडी विकून टाकणारे मालक कमी नाहीत, आणि त्यातल्या कित्येकांच्या गाडीतला पंप मुळात बिघडलेलाच नसतो. हा लेख लिहिण्याचे कारण तेच आहे.

नव्या मालकाने एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. अडलेले छप्पर म्हणजे मोडलेले छप्पर नव्हे. बहुतेक वेळा ते एखाद्या संकेताची वाट पाहत थांबलेले असते. तो संकेत कोणता, हे शोधणे म्हणजेच निदान, आणि ते स्वस्त कारणांपासून महाग कारणांकडे या क्रमानेच करायला हवे.

पायरी पहिली: क्रम पाहून घ्या

छप्पर नीट चालत असतानाच त्याची हालचाल दोन-तीन वेळा बारकाईने पाहावी आणि शक्य झाल्यास फोनवर तिचे चित्रण करून ठेवावे. एसएलकेचे उदाहरण घेऊ. १९९६ साली आलेल्या पहिल्या पिढीत (अंतर्गत नाव आर-१७०) छप्पर उघडायला सुमारे २५ सेकंद लागत. बटण दाबल्यावर काचा खाली येतात, समोरच्या काचेच्या वरच्या पट्टीत अडकलेले छपराचे कुलूप सुटते, डिकीचे झाकण मागच्या बाजूला असलेल्या बिजागरीवर उलट्या दिशेने उघडते, छपराचे दोन भाग एकमेकांवर दुमडत डिकीत उतरतात आणि शेवटी झाकण बंद होऊन त्याचे कुलूप लागते. २००४ च्या दुसऱ्या पिढीत (आर-१७१) दुमडताना मागची काचही फिरते, म्हणजे घडी लहान होऊन डिकीत थोडी अधिक जागा उरते.

यातली प्रत्येक हालचाल पूर्ण झाली की तिथला एक छोटा स्विच किंवा सेन्सर नियंत्रकाला (छप्पर चालवणाऱ्या छोट्या संगणकाला) तसे कळवतो, आणि ते कळल्याशिवाय नियंत्रक पुढची हालचाल सुरू करत नाही. ही रीत संगणकाच्याही आधीची आहे. फोर्डने १९५७ ते १९५९ या काळात अमेरिकेत स्कायलायनर नावाची गाडी काढली आणि तीन वर्षांत तिच्या ४८,३९४ गाड्या बनवल्या. तिच्यात नियंत्रक म्हणून संगणक नव्हता. होते ते फक्त रिले (विजेने चालणारे स्विच), लिमिट स्विच (हालचालीच्या टोकाला दाबले जाणारे स्विच) आणि मोटरी. एका हालचालीच्या शेवटी एक स्विच दाबला जाई आणि त्यातून पुढच्या मोटरीचा रिले लागे. त्या काळच्या स्कायलायनरच्या मेकॅनिकला जे विचारावे लागे, तेच आजही विचारावे लागते: छप्पर नेमके कोणत्या हालचालीनंतर थांबले?

म्हणून बिघाड झाल्यावर पुन्हा पुन्हा बटण दाबत राहण्याऐवजी कागद घ्यावा आणि चार गोष्टी लिहून काढाव्यात. कोणती हालचाल शेवटची पूर्ण झाली, पुढची सुरूच झाली नाही की सुरू होऊन अर्ध्यात थांबली, थांबताना पंपाचा घूं-घूं आवाज येत होता की नव्हता, आणि डॅशबोर्डवर कोणता संदेश किंवा दिवा दिसला. एवढी टिपणी घेऊन गेलेल्या मालकाचा गॅरेजमधला निम्मा वेळ वाचतो.

पायरी दुसरी: फुकटात तपासता येणारी कारणे

काहीच हालचाल होत नसेल तर आधी डिकी उघडून पाहावी. सामान आणि घडी झालेले छप्पर यांच्यामध्ये एक पडदा किंवा सरकते झाकण असते. ते ओढून त्याच्या खाचेत अडकवलेले असेल तरच छप्पर हलते. त्या खाचेत एक स्विच असतो. सामान भरताना पडदा वर ढकलला गेलेला असतो, किंवा तो अडकवल्यासारखा दिसतो पण एका बाजूने पुरता बसलेला नसतो. मग यंत्रणा गप्प राहते आणि मालक घाबरतो. पडदा सोडून पुन्हा दोन्ही बाजूंनी टिचकीचा आवाज येईपर्यंत बसवावा. गाडी जुनी असेल तर पडद्याच्या टोकाची प्लास्टिकची खुंटी झिजलेली किंवा तुटलेली असते. अशा वेळी पडदा जागेवर असूनही स्विच दाबला जात नाही, म्हणून बोटाने स्विच हलकेच दाबून संदेश बदलतो का, तेही पाहावे. हे करताना छपराचे बटण मात्र कोणीही दाबू नये.

दुसरी तपासणी काचांची. बॅटरी काढून पुन्हा जोडली असेल, तर अनेक गाड्यांत काचांची खाली-वर होण्याची मर्यादा नियंत्रक विसरतो. काच वर-खाली होत असते, पण आपोआप थोडी उतरण्याची तिची क्रिया बंद पडलेली असते, आणि ती क्रिया झाली नाही तर छपराचा पहिलाच टप्पा अडतो. उपाय सोपा आहे. प्रत्येक काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसेच धरून ठेवावे. काही गाड्यांत हेच खालच्या टोकालाही करावे लागते, आणि नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

काही साध्या अटीही आहेत. गाडी पूर्ण थांबलेली असावी. मागे आणि वर पुरेशी मोकळी जागा असावी. सोसायटीच्या तळघरातल्या बुटक्या पार्किंगमध्ये, किंवा भिंतीला टेकवून लावलेल्या गाडीत, हे छप्पर चालवण्याचा प्रयत्नही करू नये, कारण डिकीचे झाकण मागे आणि वर अशा दोन्ही दिशांना फिरते. फार थंडीतही काही गाड्यांचा नियंत्रक छप्पर हलू देत नाही. महाराष्ट्रात ही अडचण येत नाही, परंतु जर्मनी किंवा कॅनडात राहणाऱ्यांनी हिवाळ्यातल्या अशा नकाराला बिघाड समजू नये.

पायरी तिसरी: बॅटरी

तेलाला दाब देणाऱ्या हायड्रॉलिक पंपाची मोटर बराच विद्युतप्रवाह ओढते. इंजिन सहज सुरू होते म्हणजे बॅटरी चांगली आहे, हा समज इथे चालत नाही. इंजिन सुरू होताना बॅटरीवर काही क्षणच ताण येतो, तर छपराचा पंप वीस-पंचवीस सेकंद चालतो आणि त्याच वेळी काचांच्या मोटरीही चालू असतात. व्होल्टेज ठरावीक पातळीच्या खाली घसरले की नियंत्रक स्वतःहून काम थांबवतो, आणि ते बहुतेक वेळा छप्पर अगदी मधोमध असताना घडते.

साधा मल्टिमीटर घ्यावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या टोकांवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.२ च्या आसपास दिसले तर ती अर्धीच भरलेली आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. यापेक्षा महत्त्वाचे मोजमाप म्हणजे पंप चालू असतानाचे व्होल्टेज. जोडीदाराला बटण दाबायला सांगून मीटरकडे पाहावे. आकडा झपाट्याने खाली गेला तर बॅटरी, तिची टोके किंवा चॅसिसला जाणारी अर्थची तार यांपैकी कशात तरी दोष आहे. टोकांवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी घासून काढल्यावर छप्पर पुन्हा चालू झाल्याची उदाहरणे ऑटो इलेक्ट्रिशियनना नवी नाहीत.

आपल्याकडे हा दोष बहुधा पावसाळ्यानंतर दिसतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाडी कव्हर घालून उभी असते, बॅटरी हळूहळू उतरत जाते, आणि ऑक्टोबरमधल्या पहिल्या मोकळ्या संध्याकाळी छप्पर अर्ध्यावर थांबते. त्याच चार महिन्यांत उंदरांनी डिकीच्या अस्तरामागे घर केले नाही ना, हेही पाहून घ्यावे. कुरतडलेली वायर बाहेरून दिसत नाही, पण अस्तराच्या कडेला लेंड्या आणि कापसाचे तुकडे दिसतात. छप्पर चालवताना इंजिन चालू ठेवावे. गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर बॅटरीला मंद गतीचा चार्जर जोडून ठेवावा.

पायरी चौथी: वायरिंग आणि सेन्सर

वरच्या गोष्टी ठीक असतील तर पंपाकडे वळण्याआधी डिकीच्या झाकणात जाणारी वायरिंग पाहावी. पंधरा-वीस वर्षांच्या गाड्यांतला हा अगदी ठरलेला दोष आहे, आणि तो ओळखता आला तर बराच खर्च वाचतो. गाडीच्या सांगाड्यातून झाकणाकडे वायरींचा जुडगा रबरी नळीतून जातो. या गाड्यांत झाकण दोन दिशांना उघडते, एकदा सामानासाठी आणि एकदा छपरासाठी, त्यामुळे हा जुडगा साध्या गाडीतल्यापेक्षा जास्त वाकतो. वर्षानुवर्षांच्या वाकण्याने आधी वायरीचे प्लास्टिक तडकते आणि मग आतली तांब्याची तार तुटते. तुटलेली टोके कधी एकमेकांना टेकतात, कधी सुटतात. म्हणून छप्पर सकाळी चालते आणि दुपारी चालत नाही.

या दोषाची एक ओळखीची खूण आहे. छपराच्या तक्रारीबरोबरच नंबर प्लेटचा दिवा, झाकणावरचा तिसरा ब्रेक दिवा, डिकीचे कुलूप किंवा डिकीतला दिवा यांपैकी काहीही अधूनमधून बंद पडत असेल, तर सर्वांत आधी त्या रबरी नळीवर संशय घ्यावा. नळी तिच्या दोन्ही टोकांच्या खोबणीतून सोडवून मागे सरकवावी आणि एकेक वायर हलक्या हाताने ओढून पाहावी. तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते, कारण आत तार उरलेली नसते. दुरुस्ती करताना नुसती टेप गुंडाळू नये, आणि तुटल्या जागीच सांधाही देऊ नये, कारण तो भाग पुन्हा वाकणार आहे. वाकणाऱ्या भागाच्या अलीकडे आणि पलीकडे वायर कापून मधला तुकडा सिलिकॉनचे आवरण असलेल्या लवचीक वायरीने बदलावा. सगळे सांधे एकाच जागी न येता पुढे-मागे राहतील असे पाहावे, म्हणजे जुडगा नळीत पुन्हा सहज बसतो.

सेन्सर दोन प्रकारचे असतात. मायक्रोस्विच हा साधा दाबाचा स्विच असतो, आणि मल्टिमीटरने तो जुळतो-सुटतो का हे पाहता येते. हॉल सेन्सर चुंबकाच्या जवळ येण्याने संकेत देतो. त्याला वीजपुरवठा लागतो, म्हणून त्याची परीक्षा तशी करता येत नाही. दोहोंसाठी उत्तम साधन म्हणजे गाडीतल्या नियंत्रकांच्या नोंदी वाचणारा स्कॅनर. मात्र बाजारात स्वस्तात मिळणारा ओबीडी स्कॅनर केवळ इंजिनाचे दोष वाचतो. छपराच्या नियंत्रकापर्यंत पोहोचणारे, त्या कंपनीच्या गाड्यांसाठी बनवलेले साधन किंवा सॉफ्टवेअर लागते. ते जोडल्यावर दोषाचा क्रमांक पाहून समाधान मानू नये. प्रत्यक्ष स्थितीची यादी उघडावी. त्या यादीत ‘छपराचे पुढचे कुलूप उघडे’, ‘डिकीचे झाकण वर’ अशा ओळी असतात. छप्पर ज्या जागी थांबले आहे, तिथे डोळ्यांना झाकण पूर्ण वर दिसते पण यादीत ते ‘वर’ असे नोंदलेले नाही, एवढे दिसले की दोषी सेन्सर सापडला. तो बदलण्यापूर्वी त्याची जागा हललेली नाही ना, त्यावर वाळलेले ग्रीस आणि धूळ बसलेली नाही ना, हे पाहावे.

मागून ठोकर बसून दुरुस्त झालेल्या गाडीत सेन्सर चांगला असूनही संकेत मिळत नाही, कारण झाकण किंवा छप्पर काही मिलिमीटर बाजूला बसत असते. अशा वेळी बिजागरीचे नट स्वतः सैल करू नयेत. एका नटाची जागा बदलली की पुढच्या सगळ्या सांध्यांचे माप बदलते. हे काम ज्याने घडीचे छप्पर आधी जुळवले आहे अशाच माणसाकडे द्यावे, आणि त्यानेही हात लावण्यापूर्वी प्रत्येक नटाभोवती रंगाच्या पेनने खूण करावी.

पायरी पाचवी: तेल, पंप आणि सिलिंडर

इथवर सगळे निर्दोष ठरले तरच हायड्रॉलिककडे यावे. माझदा एमएक्स-५ च्या २००६ सालच्या घडीच्या छपराला ही पायरी लागूच होत नाही. ते छप्पर पूर्णपणे विद्युत मोटरींवर चालते, त्यात तेल नाही, आणि ते सुमारे १२ सेकंदांत उघडते. मर्सिडीजच्या एसएलके व एसएल आणि बीएमडब्ल्यूच्या झेड-४ व ई-९३ या गाड्यांत मात्र मोटरीने फिरणारा पंप तेलाला दाब देतो. झडपा तो दाब हव्या त्या सिलिंडरकडे वळवतात, आणि सिलिंडरचा रॉड बाहेर येऊन किंवा आत जाऊन पत्रा हलवतो.

पंपाचा आवाजच येत नसेल तर फ्यूज, रिले आणि पंपाच्या प्लगवरचे व्होल्टेज पाहावे. आवाज येतो पण हालचाल होत नाही, किंवा आवाज रडल्यासारखा आणि खेचल्यासारखा येतो, तर तेल कमी झाले असण्याची शक्यता मोठी आहे. तेल वापरून संपत नाही. ते कमी झाले म्हणजे कुठेतरी गळत आहे, म्हणून तेलाची टाकी भरून गाडी परत घेणे हा उपाय नव्हे. गळतीची जागा शोधण्यासाठी डिकीतले सतरंजीसारखे अस्तर उचलावे, पंपाखाली आणि प्रत्येक सिलिंडरच्या रॉडभोवती पांढरा टिश्यू पेपर फिरवावा, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा तेच करावे. मर्सिडीजच्या २००१ च्या एसएलमध्ये (आर-२३०) पुढच्या कुलपाचा सिलिंडर गळू लागला की तेल समोरच्या आरशाजवळून थेंबाथेंबाने खाली, क्वचित बसणाऱ्याच्या डोक्यावर येते. छताच्या अस्तरावर पिवळसर डाग दिसला तर तो पावसाच्या पाण्याचा आहे असे गृहीत धरू नये. बोटाला तेलकट लागतो का, ते पाहावे.

गळतीचे मूळ बहुधा रॉडभोवतीच्या सीलमध्ये, म्हणजे तेल अडवणाऱ्या लवचीक कडीत असते. जुन्या सिलिंडरांतले पॉलियुरेथेनचे सील कालांतराने ठिसूळ होऊन त्यांचा भुगा होतो. गाडी कमी चालली असली तरी ते होते, कारण हा झीज होण्याचा नव्हे तर वयाचा परिणाम आहे. म्हणूनच एका बाजूचा सिलिंडर गळू लागला की दुसऱ्या बाजूचाही फार मागे नसतो, आणि दोन्ही एकाच वेळी करून घेणे शहाणपणाचे ठरते. नवा सिलिंडर महाग पडतो, पण सिलिंडर उघडून नवे सील बसवणे हा परदेशात पूर्णपणे रुळलेला मार्ग आहे. आपल्याकडेही भोसरी, चाकण, अंबड अशा औद्योगिक पट्ट्यांत हायड्रॉलिक सिलिंडर दुरुस्त करणारे कुशल कारागीर आहेत. त्यांचे रोजचे काम मोठ्या यंत्रांचे असते आणि हे सिलिंडर बोटाएवढ्या जाडीचे असतात, म्हणून जाताना रॉडचा व्यास, सिलिंडरचा फोटो आणि पुस्तिकेत दिलेल्या तेलाचे नाव सोबत न्यावे, आणि सीलचा माल त्या तेलाला चालणारा आहे ना, हे स्पष्ट विचारावे. रॉडवर नखाला लागेल एवढा ओरखडा असेल तर नवे सीलही लवकरच कापले जाईल. तो रॉड बदलावा किंवा घासून पुन्हा क्रोम करून घ्यावा.

तेलाबाबत कडक राहावे. पुस्तिकेत सांगितलेलेच तेल घालावे. ब्रेक ऑइल चुकूनही घालू नये, कारण खनिज तेलासाठी बनवलेले सील त्याने फुगतात आणि एका चमचाभर चुकीपायी सगळे सिलिंडर उघडण्याची वेळ येते. तेलाची पातळी कोणत्या स्थितीत पाहायची, हेही पुस्तिकेतूनच पाहावे. रॉड बाहेर आलेले असताना सिलिंडरांत जास्त तेल असते, साहजिकच टाकीतली पातळी खाली दिसते, आणि ती पाहून वरपर्यंत भरले तर रॉड आत गेल्यावर तेल टाकीतून उसळून डिकीत सांडते. सील बदलल्यावर यंत्रणेत हवा शिरते. बहुतेक रचनांत छप्पर काही वेळा पूर्ण उघडझाप केल्यावर ती आपोआप टाकीत परतते, मात्र प्रत्येक फेरीनंतर पातळी पाहायला हवी.

एक गळती बाहेर दिसतच नाही. पिस्टनवरचे आतले सील झिजले की तेल सिलिंडरच्या एका कप्प्यातून दुसऱ्यात झिरपते. टाकी भरलेली, अस्तर कोरडे, पंपही चांगला, तरी झाकण वर जाताना रेंगाळते किंवा दोन बाजूंना कमी-जास्त उचलले जाते. गाडी गरम असताना हा दोष जास्त जाणवतो, कारण गरम तेल पातळ होते.

पायरी सहावी: हाताने बंद करणे, आणि त्याआधीची सावधगिरी

हा भाग वाचल्याशिवाय अर्धवट उघड्या छपराला हात लावू नये. अनेक गाड्यांत छप्पर मध्ये थांबले की नियंत्रक काही मिनिटे दाब धरून ठेवतो आणि मग सोडून देतो. तोवर हवेत स्थिर वाटणारा पत्रा किंवा झाकण त्यानंतर खाली येते. सांध्यांमध्ये बोटे, डिकीत डोके, झाकणाखाली खांदा, यांपैकी काहीही विनाआधार ठेवू नये. तपासणीसाठी झाकण वर ठेवायचे असेल तर टोकाला कापड गुंडाळलेला मजबूत लाकडी टेकू द्यावा. इग्निशन बंद करून चावी गाडीपासून दूर ठेवावी, म्हणजे दुसरे कोणी बटण दाबले तरी काही हलणार नाही. लहान मुलांना गाडीपासून दूर ठेवावे.

हाताने बंद करायला दोन धडधाकट माणसे लागतात. बहुतेक हायड्रॉलिक गाड्यांत पंपावर दाब सोडण्याचा एक स्क्रू असतो. पुस्तिकेत दिल्याप्रमाणे तो ॲलन कीने सावकाश आणि सांगितलेल्या फेऱ्यांइतकाच सैल करावा. मग दोघांनी दोन बाजूंना उभे राहून आधी झाकण पूर्ण वर न्यावे, नंतर छपराचे भाग दोन्ही बाजू समान राखत बाहेर आणावेत, कारण एकाच बाजूने ओढले तर सांध्याचे हात पिरगळतात. छप्पर समोरच्या पट्टीवर टेकल्यावर पुढचे कुलूप आतून, छताच्या अस्तरातले छोटे झाकण काढून तिथल्या खोबणीत पाना घालून फिरवावे, आणि शेवटी डिकीचे झाकण बंद करावे. प्यूजो २०६ सीसीमध्ये समोरच्या दोन कड्या मुळातच हाताने लावायच्या असतात, तिथे हे काम सोपे जाते. सैल केलेला स्क्रू पुन्हा बसवायला विसरू नये. तो सैल राहिला तर पंप फिरत राहील पण दाब तयार होणार नाही, आणि चांगल्या पंपावर आळ येईल. अर्धवट छप्पर घेऊन गाडी चालवत गॅरेज गाठण्याचा विचार करू नये. जागेवरच बंद करावे किंवा गाडी ट्रकवर चढवून न्यावी.

पायरी सातवी: पाणी

पाण्याचा विषय वेगळा वाटतो, पण यंत्रणा निकामी होण्याचे एक मोठे कारण पाणीच असते. छपराच्या प्रत्येक सांध्यावर रबर असते आणि जितके भाग जास्त तितके रबराचे सांधे जास्त. इऑसच्या छपराचे पाच भाग आहेत आणि त्यातच सनरूफही आहे, म्हणून गळतीच्या तक्रारींसाठी ती गाडी ओळखली जाते. रबर कोरडे पडले की आकसते, दुमडताना घासते आणि चिरते. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, रबर ओल्या कापडाने पुसून वाळवावे आणि फ्लोरिनयुक्त किंवा सिलिकॉनचे वंगण अगदी पातळ लावावे. व्हॅसलीन किंवा इंजिन ऑइल लावू नये, त्याने रबर मऊ होऊन सुजते.

रबरातून थोडे पाणी आत येणारच, हे धरूनच कंपनीने पन्हाळी आणि निचऱ्याच्या नळ्या दिलेल्या असतात. त्या नळ्यांत पाने आणि माती अडकली की पाणी साचते, आणि ते नेमके सर्वांत खोलगट जागी, म्हणजे बऱ्याचदा मोटर किंवा नियंत्रक बसवलेल्या जागी साचते. २००२ ते २००८ च्या झेड-४ चे छप्पर कापडी होते, परंतु तिचा धडा इथेही लागू पडतो. तिच्या छपराची मोटर सीटमागच्या खोबणीत तळाशी बसवलेली आहे, आणि निचरा बंद झाला की ती मोटर पाण्यात बुडून निकामी होते. एमएक्स-५ मध्ये निचऱ्याची तोंडे सीटबेल्टच्या मागे असतात आणि तिथे पहिल्यांदा डोकावणाऱ्याला बहुधा कुजलेल्या पानांचा गोळाच मिळतो.

नळी साफ करताना कॉम्प्रेसरची जोराची हवा मारू नये, कारण त्याने नळी आतल्या आत जोडावरून सुटते आणि पाणी थेट गाडीत उतरू लागते. गवत कापण्याच्या यंत्रात असते तसली नायलॉनची जाड दोरी हलक्या हाताने आत-बाहेर करावी. मग पेलाभर पाणी सावकाश ओतून ते गाडीखाली पडते का, हे पाहावे. दोन्ही बाजूंना सारख्याच वेगाने पडायला हवे. आपल्याकडे गाडी आंब्या-वडाखाली लावत असाल तर हे काम मे महिन्यात नक्की करावे. छप्पर ओले असताना ते उघडू नये, कारण पत्र्यावरचे सगळे पाणी घडीबरोबर डिकीत, पंपावर आणि वायरिंगवर जाते. पावसाळ्यातही महिन्यातून एकदा, उघडीप बघून आणि पत्रा पुसून, छप्पर एकदा पूर्ण उघडून बंद करावे, म्हणजे सील एकाच जागी चिकटून राहत नाहीत.

जुनी गाडी घेताना

गाडी विकणाऱ्याने छप्पर आधीच उघडून ठेवले असेल तर ते बंद करून, गाडी किमान तासभर थंड झाल्यावर पुन्हा उघडायला सांगावे. थंड गाडीत ताठर सील आणि अशक्त बॅटरी उघडी पडते. नंतर वीस-पंचवीस मिनिटे गाडी चालवून आणून तीच क्रिया लगेच पुन्हा करावी, म्हणजे आतली गळती असेल तर हालचाल मंदावलेली दिसेल. प्रत्येक वेळी सेकंद मोजावेत. आर-१७१ चे छप्पर नवे असताना सुमारे २२ सेकंद घेते, ई-९३ चेही उघडायला जवळपास तेवढेच. तीस-पस्तीस सेकंद लागत असतील तर कारण विचारावे आणि किंमत त्याप्रमाणे बोलावी. झाकण दोन्ही बाजूंनी सारखे उचलले जाते का, ते मागे उभे राहून पाहावे. डिकीचे अस्तर स्वतः उचलावे, तेलाचा वास घ्यावा, सुट्या चाकाच्या खोलगट जागेत हात फिरवावा. वायरींच्या रबरी नळीवर टेप गुंडाळलेली दिसली तर तिथे आधी कोणीतरी काम केले आहे, आणि ते कसे केले हे नळी सोडवूनच कळेल. झाकणाच्या कडेच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या नसतील, तर मागून अपघात झाला होता का, याची चौकशी करावी. विमा कंपनीकडे केलेल्या दाव्याची नोंद मागावी. विकणारा ‘फक्त बॅटरी कमी आहे’ असे म्हणत असेल, तर चांगली बॅटरी लावून छप्पर चालवून दाखवेपर्यंत एक रुपयाही बयाणा देऊ नये.